हसनभाईंचा रिमोटवरचा ट्रक

गोविंदमामांनी ट्रकची किल्ली माझ्या कामाच्या टेबलावर, टेस्टर आणि पकडीच्या मधोमध ठेवली.

"बसवा तुमी काय बसवायचं ते," ते म्हणाले. "पन बसवून झालं की ही किल्ली शेठना द्या. मी चाललो गावाला, देवरूखला."

"अहो मामा, आणि उद्याची मासळी?"

"ती बटनाला इचारा."

एवढं बोलून ते दुकानाबाहेरच्या बाकावर, ट्रककडे पाठ करून बसले.

मी ऑटो इलेक्ट्रिशियन. रत्नागिरीत मारुती मंदिराच्या पुढे रस्त्याला लागून माझं दुकान होतं. गाडीत जे जे करंटवर चालतं ते माझं काम: डायनॅमो, सेल्फ, हॉर्न, लाइट. इंजिन आणि ब्रेक दुसऱ्यांकडे. त्या काळी, म्हणजे ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा, आमच्याकडे रिमोट म्हणजे ज्यांच्या घरचा माणूस गल्फमध्ये आहे त्यांच्या व्हिडिओबरोबर आलेली वस्तू. तीही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रबर लावून ठेवलेली. रिमोटने दार उघडणारी गाडी मी पाहिलेली नव्हती. आता मला ती स्वतः करायची होती, आणि तीही ट्रक.

ट्रक हसनभाईंचा. हसनभाई नाटे या बंदरगावचे मासळीचे व्यापारी. त्यांचा ट्रक माझ्या दारात थांबला की गल्लीतली सगळी मांजरं त्याच्याखाली सभा भरवायची. त्यांचा धाकटा भाऊ इक्बाल कुवेतला नोकरीला होता. रजेवर येताना त्याने अम्मीला ब्लँकेट आणलं, भाभीला सेंट आणलं आणि मोठ्या भावाच्या ट्रकसाठी एक खोका आणला. खोक्यात एक काळी डबी, रंगीबेरंगी वायरींचा जुडगा, अंगठ्याएवढ्या जाडीच्या चार मोटरी आणि एक रिमोट. थर्मोकोलमध्ये रिमोटच्या खाचा दोन होत्या, एक रिकामी.

"दुसरा कुठे आहे?" मी विचारलं.

"एकच येतो," इक्बाल म्हणाला.

"मग खाच?"

"डिझाइन आहे ती."

मी पुढे विचारलं नाही. इक्बाल मात्र उत्साहाने फुलून आला होता. "कुवेतमध्ये प्रत्येक गाडीला असतं हे. बटन दाबलं, चारही दारं बंद. पुन्हा दाबलं, चारही उघडी."

"ट्रकला दोनच दारं आहेत."

"मग काम लवकर होईल."

हसनभाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. "साळवी, भावानं एवढ्या लांबनं आणलंय, नको कसं म्हणू? परवा त्याचं विमान आहे. त्याच्या डोळ्यांदेखत बसलं पाहिजे. पन मामा जाता कामा नये. मामा गेले तर माझा धंदा बसला."

यात अतिशयोक्ती नव्हती. मासळीच्या ट्रकला कुठलाही ड्रायव्हर चालत नाही. बर्फ वितळायच्या आत मुंबई गाठायची, कशेडीच्या घाटात घाई करायची नाही आणि वाटेत झोपायचं नाही, या तिन्ही गोष्टी एका माणसात सापडत नाहीत. मामांमध्ये त्या होत्या. सगळी नोकरी एसटीत ड्रायव्हर म्हणून काढून, निवृत्त झाल्यावर ते हसनभाईंच्या ट्रकवर आले होते.

"पण मामा रागावले कशाने?"

"केबिनला लॉक म्हणजे आपल्यावर भरवसा नाय, असं घेतलंय त्यांनी. केबिन म्हणजे त्यांचं घर. त्यांचा देव तिथं, डबा तिथं. आनि रिमोट राहनार माझ्याकडं."

"मग रिमोट मामांना देऊन टाका."

"हळू बोल. इक्बाल उभा आहे. भेट मला आणलीय त्यानं."

काम सुरू करण्याआधी ते कागदावर उतरवून काढायची माझी सवय आहे. सप्लाय, अर्थ, मोटरी, हॉर्न, टेस्टिंग, अशी पाच कामं मी लिहिली. सहावं लिहिण्यासारखं नव्हतं. ते बाहेर बाकावर बसलं होतं.

सप्लायपासून सुरुवात केली. कारची बॅटरी बारा व्होल्टची असते. मोठ्या ट्रकला तशा दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडतात, म्हणजे चोवीस व्होल्ट होतात. खोक्यातला माल कारचा, बाराचा. त्याला चोवीस दिले असते तर इक्बालची भेट धूर होऊन माडाच्या शेंड्यापर्यंत गेली असती. यावर एक पळवाट आहे: दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर ओढायची. बरेच जण ओढतात. पण मग एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी अजीर्णाने मरते आणि गिऱ्हाईक आपल्या नावाने ओरडतं. नीट उपाय म्हणजे रिड्यूसर, चोवीसचे बारा करून देणारी डबी. ट्रकवाले गाण्यांचा टेप लावायला ती वापरतात. मामांच्या टेपला तशी डबी होती.

मी बाहेर आलो. "मामा, तुमच्या रिड्यूसरवरून एक वायर घेऊ का?"

मामा पाठमोरेच. "माज्या टेपला हात लावायचा नाय."

"टेपला नाही हो, रिड्यूसरला."

"तो पन माजाच हाय."

मी नवीन रिड्यूसर लावला. पण डॅशबोर्डचा पत्रा उघडल्यावर मामांना बाकावर बसवेना. आधी ते पाण्याच्या निमित्ताने उठले, मग मांजरं हाकलायला उठले आणि शेवटी माझ्या खांद्यामागे येऊन उभे राहिले.

"ती पिवळी वायपरची हाय. तिला वढू नका."

"बरं."

"निळीचा जोड मी टेप मारून ठेवलाय. सांबाळून."

"बरं, मामा."

"मी काय बोलत नाय. मी जानार हायच."

रागावलेले असूनही मामांचा मला फार उपयोग झाला.

दुसरं काम अर्थ. खोक्यातल्या माहितीच्या कागदावर एका बाजूला अरबी होतं आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी. इक्बाल तो कागद बातम्या दिल्यासारखा वाचायचा. "ब्लॅक वायर टू बॉडी!" त्याने जाहीर केलं.

"इथे बॉडीला लावून उपयोग नाही," मी म्हणालो.

"कागदात स्पष्ट लिहिलंय. कंपनीवाले खुळे आहेत काय?"

मी केबिनच्या आतल्या पत्र्याला स्क्रू मारून काळी वायर लावली. इक्बालने बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. त्याने रिमोट थर्मामीटरसारखा झटकला. हसनभाईंनी आकाशाकडे पाहिलं.

"झालं काय?" मामांनी विचारलं. सकाळपासून त्यांचा आवाज एवढा गोड पहिल्यांदाच झाला होता.

वाचकांसाठी सांगतो. करंटला जायला एक वाट लागते आणि परत यायला दुसरी. कारची अख्खी बॉडी लोखंडाची असते, त्यामुळे परतीची वाट म्हणून तीच वापरतात. तिला आम्ही अर्थ म्हणतो. पण आमच्याकडच्या ट्रकची केबिन सुतार बांधायचे. आत लाकूड आणि वरून खिळ्यांनी ठोकलेला पत्रा.

"मामा, ही केबिन कशाची?" इक्बालला ऐकू जाईल अशा आवाजात मी विचारलं.

"किंजळीची. सोता उभा ऱ्हाऊन बांधून घेतलीय. एक फळी वली लागू दिली नाय."

"किंजळ म्हणजे?" इक्बालने विचारलं.

"झाड," हसनभाई म्हणाले.

इक्बालने कागद उलटून पाहिला. कदाचित अरबी बाजूला झाडाचा उल्लेख असेल म्हणून. नव्हता. मी काळ्या वायरला जाड वायर जोडली, ती खाली चेसिसपर्यंत नेली आणि लोखंड घासून नटाखाली आवळली. इक्बालने बटण दाबलं. खोक्यातल्या चारही मोटरी जमिनीवर पडल्या पडल्या एकदम टक्‌ करून उडाल्या. मांजरं पळाली. इक्बालने मला मिठी मारली आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर माझ्या ग्रीसचे दोन्ही पंजे उमटले. त्याचंही त्याला काही वाटलं नाही.

मोटरी दाराच्या आत बसवायच्या. बटण दाबलं की मोटर एक काडी ओढते किंवा ढकलते, त्या काडीने लॉकचा खटका फिरतो. खोक्यातल्या काड्या कारच्या दारापुरत्या होत्या, किंजळीच्या दाराला आखूड पडल्या. शेजारच्या सायकल दुकानातून मी मागच्या चाकाचे दोन स्पोक आणले. स्पोकच्या टोकाला आटे असतात, त्यामुळे लांबी हवी तशी जुळवता येते. हे कुठल्याही कागदात लिहिलेलं नाही.

दोन मोटरी उरल्या. इक्बालला त्या वाया जाऊ द्यायच्या नव्हत्या. तिसरी टूलबॉक्सला लावली.

"आणि चौथी बॅटरीच्या पेटीला," तो म्हणाला.

"बॅटरी उतरली तर पेटी उघडणार कशी?"

"रिमोटनं."

"आणि रिमोटची डबी चालणार कशावर?"

तो विचारात पडला. मामा हसले. लगेच खोकले, पण आधी हसले. चौथी मोटर मी खोक्यात परत ठेवली.

राहिला हॉर्न. दारं बंद झाली की उघडी, हे लांबून कळावं म्हणून या सिस्टिमला एक भोंगा असतो. लॉक झालं की एकदा वाजतो आणि उघडलं की दोनदा. आमच्या खोक्यात भोंगा नव्हता. त्याचीही बहुतेक डिझाइनमध्ये नुसती खाचच असेल. मी ती वायर रिलेमधून ट्रकच्या हॉर्नला दिली. रिले म्हणजे बारीक करंटने मोठ्या करंटचं बटण दाबून घेणारी डबी. एकदा बंद, दोनदा उघडं. ऐकायला सोपं होतं, आणि तिथे उभ्या असलेल्या कुणाच्याही डोक्यात दुसरं काही आलं नाही.

टेस्टिंगला इंजिन चालू हवं होतं, कारण चार्जिंग चालू असताना रिड्यूसरवर किती व्होल्ट येतात ते मला बघायचं होतं.

"मामा, सेल्फ मारता का? एवढं टेस्टिंगपुरतं?"

"टेस्टिंगपुरतं," मामांनी बजावलं आणि टेबलावरची किल्ली उचलून ते केबिनमध्ये चढले. मी मीटर लावून व्होल्ट पाहिले, बरोबर होते. मी खाली उतरलो. दार लावून घेतलं. मामा काचा वर करून, समोर बघत, गाल फुगवून बसले. आपल्याच घरात पाहुणे म्हणून बसल्यासारखे.

इक्बालने समारंभाने रिमोट हसनभाईंच्या हातात ठेवला. "भाईजान, बिस्मिल्ला करा."

हसनभाईंनी बटण दाबलं. हॉर्न एकदा वाजला. टक्‌. दोन्ही दारं बंद. समोरच्या चहाच्या टपरीवरचे लोक उठून उभे राहिले. इक्बालने टाळ्या वाजवल्या. मीही हसलो, कारण पहिल्या फटक्यात चाललेली सिस्टिम आमच्या धंद्यात रोज बघायला मिळत नाही.

हसनभाईंनी पुन्हा बटण दाबलं. हॉर्न दोनदा वाजला. टक्‌. दारं उघडी.

आणि ट्रक चालायला लागला.

"अरे!" हसनभाई ओरडले. "अरे, हे कुठं निघालं?"

घाबरून त्यांनी बटण दाबलं. हॉर्न एकदा वाजला आणि ट्रक जागच्या जागी थांबला. हसनभाईंनी हातातल्या रिमोटकडे पाहिलं. मग हळूच, विस्तवाला बोट लावावं तसं, पुन्हा दाबलं. दोन हॉर्न. ट्रक निघाला. दाबलं. एक हॉर्न. ट्रक थांबला.

"शेठ, रिमोटवर चालतोय!" टपरीवरून कुणीतरी ओरडलं.

मग जो गोंधळ झाला तो काय सांगू. सायकली थांबल्या. केशकर्तनालयातून एक जण अर्ध्या दाढीचा साबण घेऊन बाहेर आला. "अजून एकदा, शेठ!" "वळवा की जरा!" "रिव्हर्स कुठल्या बटनावर?" इक्बालचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "कुवेतला पण असं नाय!" तो माझा दंड दाबून म्हणाला. "साळवी, काय केलंत काय तुम्ही?"

मी काय केलं होतं ते मला तेवढ्यात कळलं. आणि मी फुटपाथवर बसूनच हसायला लागलो.

एसटीत कंडक्टरने एकदा बेल मारली की थांबायचं आणि दोनदा मारली की निघायचं. आपण सगळे लहानपणापासून ते ऐकतो. मामांनी तर तीस-एक वर्षं दुसरं काही ऐकलं नव्हतं. इंजिन चालू, हात स्टेअरिंगवर आणि कानावर डबल. त्यांच्या पायाने त्यांना विचारलंच नाही. मी मासळीच्या ट्रकला लॉक बसवलं नव्हतं, कंडक्टर बसवला होता.

हे सांगायला मला बोलता यायला हवं होतं. तेवढ्यात टपरीवरचे हवालदार चहाचा ग्लास ठेवून पुढे आले. "ही गाडी चालवतंय कोण?"

हसनभाईंनी रिमोट पाठीमागे लपवला. "मी नाय, साहेब."

लपवताना अंगठा बटणावर पडला. दोन हॉर्न. ट्रक निघाला. हसनभाईंनी गडबडीत रिमोट पुढे आणला, तो हातातून निसटला, इक्बालने झेलला. दाबेपर्यंत ट्रक उतारावर पोचला होता. बटण दाबलं, हॉर्न वाजला नाही. रेंज संपली होती. मामांना डबल मिळाली होती, आणि सिंगल मिळेपर्यंत ते थांबणार नव्हते.

आम्ही रिक्षा पकडली. हसनभाई, इक्बाल आणि मी. इक्बाल अर्धा बाहेर लटकून, ट्रकच्या दिशेने हात लांब करून बटण दाबत होता. रिक्षावाल्याने विचारलं, "काय हरवलंय?" हसनभाई म्हणाले, "ट्रक." मी हसतच होतो, पण हसनभाईंचा चेहरा उतरला होता. "गेला रे मामा," ते म्हणाले. "खरंच देवरूखला गेला. रागानं ट्रक घेऊन गेला."

पुढच्या एसटी स्टॉपवर ट्रक उभा होता. अगदी पाटीला पाटी लावून, कडेला व्यवस्थित घेतलेला. खाली एक म्हातारे गृहस्थ छत्री वर करून मामांना विचारत होते, "पालीस जाईल काय हो?"

"डबल झाली की जाईल," मामा खिडकीतून म्हणाले.

आणि मामा हसत होते. आवाज न करता, स्टेअरिंगवर डोकं टेकून, पोट धरून. पहिल्यांदा पाय आपोआप गेला, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. दुसऱ्यांदाही कळलं होतं. तिसऱ्यापासून आरशात शेठची तारांबळ बघत ते मुद्दाम चालवत होते.

हसनभाई पायरीवर चढले. "मामा, जीव घेतलात माझा. मला वाटलं निघून गेलात."

"निघूनच चाललेलो." मामांनी डोळे पुसले. "मग डबल ऐकली. शेठ, एसटीत माज्या पाठीमागं बेल मारनारा मानूस असायचा. तुमच्याकडं आलो तवापासनं मी जेटीवरनं कदी निघतो ते कुनाला म्हाईत नसतं. बर्फ भरला, पेट्या भरल्या की समदे घराकडं. तुमी जेवायला. मी आपला सेल्फ मारायचा आन निघायचं. आज किती वर्सांनी कुनी निरोप दिल्यागत वाटलं."

हसनभाईंनी इक्बालच्या हातातून रिमोट काढून घेतला आणि, भाऊ बघत असतानाच, मामांपुढे धरला. "हा तुम्हीच ठेवा. केबिन तुमची आहे. भरवशाचा प्रश्न नाय, मामा. कदीच नव्हता."

"मला कशाला?" मामा म्हणाले. "ड्रायव्हरनं सोताच बेल मारायची काय? तुमीच ठेवा. पन रोज जेटीवर येऊन मारायची."

"रोज?"

"गाडी रोज सुटते ना?"

हसनभाईंनी इक्बालकडे पाहिलं. इक्बालने खांदे उडवले, पण खूष होता. मग हसनभाई खाली उतरले, बाजूला झाले आणि हात उंच करून बटण दाबलं. सिंगल वाजली. मामांनी मान हलवली. हसनभाईंनी पुन्हा दाबलं. डबल. मामांनी गिअर टाकला आणि ट्रक वळवून दुकानाकडे नेला. छत्रीवाले गृहस्थ म्हणाले, "उलट्या दिशेला गेली की!"

दुसऱ्या दिवशी मासळी मामांनीच नेली. त्या सीझनमध्ये मी एकदा नाट्याला गेलो तेव्हा पाहिलं. पेट्या भरून झाल्यावर हसनभाई जेवण अर्धं सोडून जेटीवर आले, मामांशी दोन शब्द बोलले आणि डबल दिली. रिमोट नाट्यालाच राहायचा, त्यामुळे वाटेत भलतीच बेल वाजायची भीती नव्हती. दारं उघडायला मामांकडे साधी किल्ली होती. खरं तर सीझन संपेपर्यंत खारं पाणी दारांच्या मोटरींत शिरून दोन्ही गंजून गेल्या. मी विचारलं, नवीन टाकू का? हसनभाई म्हणाले, "लॉक राहू दे. हॉर्न तेवढा चालू ठेव."

इक्बालने कुवेतला काय सांगितलं हे मला पुढच्या वर्षी कळलं. रजेवर आलेला एक अनोळखी माणूस दुकानात आला आणि आपल्या टेम्पोला तसलंच बसवून द्या म्हणाला. मी म्हणालो, लॉक का? तो म्हणाला, "लॉक नको. ड्रायव्हरशिवाय चालणारं."

त्याला मी चहा पाजून परत पाठवलं. पण तेव्हापासून कुणाच्या गाडीला हॉर्नची वायर जोडायची झाली, की व्होल्ट किती हे मी नंतर विचारतो. ड्रायव्हर पूर्वी कुठे नोकरीला होता, हे पहिल्यांदा.